मुदत फक्त विद्यार्थ्यालाच का?

२०२४च्या जूनमध्ये उत्तर प्रदेशातल्या मुजफ्फरनगर जिल्ह्यातल्या एका रोजंदारी मजुराच्या मुलाला धनबादच्या आयआयटीत इलेक्ट्रिकल इंजिनीअरिंगची जागा मिळाली. जागा पक्की करण्यासाठी १७,५०० रुपये भरायचे होते, २४ जूनला संध्याकाळी पाचच्या आत. घरच्यांनी इकडून तिकडून पैसे उभे केले, पण जमवाजमव शेवटच्या क्षणापर्यंत चालली आणि पैसे भरायच्या आत पोर्टल बंद झालं. जागा गेली. मुलगा अनुसूचित जाती आयोगाकडे गेला, उच्च न्यायालयात गेला, अखेर सर्वोच्च न्यायालयात गेला. ३० सप्टेंबरला न्यायालयाने घटनेच्या कलम १४२खालचा विशेष अधिकार वापरून त्याला प्रवेश द्यायला लावला. काही मिनिटांचा उशीर भरून काढायला तीन महिने आणि देशातलं सर्वात वरचं न्यायालय लागलं.

आता आपल्याकडचा उशीर पाहा. महाराष्ट्रात ज्या मुलांची फी भरायचं सरकारने कबूल केलेलं आहे, त्यांच्या शिष्यवृत्तीचे पैसे कधी परीक्षा संपल्यावर येतात, कधी पुढचं वर्ष निम्मं झाल्यावर. त्या उशिरासाठी कुठलं पोर्टल बंद होत नाही, कुणाची जागा जात नाही, कुणाला खुलासा द्यावा लागत नाही. अर्ज करायला मुदत, त्रुटी दुरुस्त करायला मुदत, कागद जमा करायला मुदत, आणि या सगळ्या मुदती सोळा-अठरा वर्षांच्या मुलांवर. सरकारवर एकही नाही. शिष्यवृत्तीच्या व्यवस्थेतला मूळ दोष हाच आहे असं माझं ठाम मत आहे. बाकी सगळ्या तक्रारी, म्हणजे सर्व्हर बंद, कागद जास्त, क्लार्क कमी, यातूनच निघतात. ज्याला उशिराची किंमत मोजावी लागत नाही तो वेळेवर काम का करील?

मी तालुक्याच्या गावातल्या एका कॉलेजात शिकवते. आमच्याकडे येणाऱ्या मुलामुलींच्या घरात बहुतेक वेळा पदवीपर्यंत पोहोचलेलं ते पहिलंच माणूस असतं. त्यामुळे महाडीबीटी या सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज भरताना घरी विचारायला कुणी नसतं, आणि ती मुलं आमच्याकडे येतात. त्यांच्याबरोबर बसून एका अर्जाचा प्रवास जवळून पाहिला की कळतं, दोष कुठे आहे.

सुरुवात उत्पन्नाच्या दाखल्यापासून होते. मार्च संपला की जुन्या दाखल्याची मुदत संपते, म्हणून जूनमध्ये सगळा तालुका एकदमच सेतू केंद्रावर जातो. तलाठ्याचा अहवाल, स्वयंघोषणापत्र, रेशनकार्ड, मग ऑनलाइन अर्ज, मग तहसीलच्या डेस्कवर प्रतीक्षा. शेतमजूर बापाचं वार्षिक उत्पन्न नेमकं किती हे तलाठ्याला माहीत नसतं, तहसीलदाराला माहीत नसतं, खुद्द बापालाही सांगता येत नाही. कारण त्याची मजुरी पावसावर आणि कापसाच्या वेचणीवर ठरते. तरी एक आकडा लिहिला जातो आणि त्या आकड्यावर शिक्का बसतो. सगळ्यांना ठाऊक असतं की तो अंदाज आहे. पण तो अंदाज कागदावर येईपर्यंत मुलीचे दोन आठवडे आणि बापाचे दोन रोज जातात.

मग जातीचा दाखला, जात पडताळणीचं प्रमाणपत्र, रहिवासी दाखला, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, कॅपचं, म्हणजे सरकारच्या केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेचं, अलॉटमेंट लेटर, फी पावती, मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅप सर्टिफिकेट, वसतिगृहात असेल तर वॉर्डनचा दाखला. प्रत्येकाचा फोटो काढून, आकार लहान करून चढवायचा. आकार लहान केला की अक्षरं पुसट होतात, आणि पुसट दिसलं की अर्ज परत येतो. यातले बहुतेक कागद इंजिनीअरिंग-फार्मसीच्या मुलांनी आधीच एकदा सरकारकडेच दिलेले असतात. राज्याच्या सीईटी सेलच्या याच प्रवेशप्रक्रियेत सुविधा केंद्रावर किंवा ई-स्क्रुटिनीत, म्हणजे ऑनलाइन तपासणीत, त्यांची जात, गुण आणि रहिवास तपासलेला असतो. त्या तपासणीच्या जोरावर सरकारनेच त्यांना राखीव जागा दिलेली असते. तेच सरकार महिन्याभराने त्याच मुलाला म्हणतं, तू कोण आहेस ते पुन्हा सिद्ध कर.

अर्ज गेला की तो आधी कॉलेजच्या क्लार्क लॉगिनला, मग प्राचार्यांच्या लॉगिनला, मग समाजकल्याणच्या किंवा ज्या त्या खात्याच्या जिल्हा कार्यालयाकडे. कुठेही थांबू शकतो, कुठूनही सेंड बॅक, म्हणजे दुरुस्तीसाठी परत, होऊ शकतो. आणि सेंड बॅक कधीच एका दमात सगळ्या चुका दाखवत नाही. आधी उत्पन्नाचा दाखला अस्पष्ट म्हणून परत येतो. तो नीट करून पाठवला की पंधरा-वीस दिवसांनी कळतं, फी पावतीवर शिक्का नाही. गेल्या काही वर्षांत मी पाहिलेल्या मुलींपैकी एकीचा अर्ज असा फिरत राहिला. आधारवर वडिलांचं नाव एका पद्धतीने, दहावीच्या गुणपत्रिकेवर दुसऱ्या पद्धतीने. तिने आधार दुरुस्तीला टाकलं. आधार दुरुस्त झालं, तर बँकेतलं नाव जुळेना. बँकेत गेली, तर आधार सीडिंग, म्हणजे आधारची जोडणी, दुसऱ्याच खात्याला. ते खातं मोबाइलचं सिम घेताना दुकानदाराने उघडून दिलेलं, तिला त्याचा पत्ताही नव्हता. सरकारी पैसा शेवटी ज्या खात्याला आधार जोडलं त्याच खात्यात पडतो, म्हणून मागच्या वर्षीचा तिचा हप्ता त्या विसरलेल्या खात्यात पडून होता. ती हुशार होती, चिकाटीची होती, म्हणून तिला तो सापडला. तिच्याच वर्गातल्या एका मुलाने दुसऱ्या सेंड बॅकनंतर अर्जाचा नाद सोडला आणि दिवाळीनंतर तो एमआयडीसीत कामाला लागला.

त्या मुलाची कुठल्याही कार्यालयात नोंद नाही. पोर्टलवर त्याचा अर्ज कुठल्या तरी लॉगिनला पेंडिंग दिसत असेल. मंजूर किती आणि नामंजूर किती, एवढंच मोजणाऱ्या व्यवस्थेत कंटाळून निघून गेलेल्या मुलांचा रकानाच नसतो.

यावर नेहमी एक उत्तर मिळतं: एवढ्या मोठ्या राज्यात लाखो अर्ज, प्रत्येकाची पडताळणी, वेळ लागणारच. २०२४च्या पावसाळ्यापर्यंत मीही या उत्तरापुढे गप्प बसत असे. त्या वर्षी २८ जूनच्या अर्थसंकल्पात मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना जाहीर झाली आणि १४ ऑगस्टपासून, म्हणजे रक्षाबंधनाच्या आत, बायकांच्या खात्यात जुलै-ऑगस्टचे मिळून तीन हजार रुपये पडायला लागले. दीड-पावणेदोन महिन्यांत नवी योजना, नवं ॲप, अंगणवाडी सेविकांपासून सेतू केंद्रांपर्यंत सगळी यंत्रणा कामाला, आणि लाखो खात्यांत पैसे. आमच्या गावात ज्या बाईचं आधार बँकेला जोडलेलं नव्हतं तिला बँकेचा माणूस घरी येऊन सांगून गेला. मला त्या योजनेचा राग नाही. त्या पैशाने किती घरांत औषध आलं, किती मुलांची वह्या-पुस्तकं आली, हे मी पाहिलं आहे. मला त्यातून एवढंच दिसलं की हे राज्य मनात आणलं तर पैसे वेळेवर पोहोचवू शकतं.

आणि एक गोष्ट त्याहून बोचणारी आहे. लाडकी बहीण योजनेची कौटुंबिक उत्पन्नमर्यादा अडीच लाख. अनुसूचित जातीच्या मुलांच्या भारत सरकार मॅट्रिकोत्तर, म्हणजे दहावीनंतरच्या, शिष्यवृत्तीची उत्पन्नमर्यादाही अडीच लाखच. आकडा एकच, घर एकच, वर्ष एकच. आईने पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड दाखवलं की उत्पन्नाचा दाखला माफ. त्याच घरातल्या, त्याच रेशनकार्डावर नाव असलेल्या मुलीला मात्र तहसीलदाराचाच दाखला हवा. आईच्या बाबतीत जे रेशनकार्ड पुरावा म्हणून चालतं ते मुलीच्या बाबतीत का चालू नये, याचं सरळ उत्तर मी अजून कुणाकडून ऐकलेलं नाही.

त्या घाईत अपात्र माणसांनाही पैसे गेले, हे खरं आहे. पुढे पडताळणीत सरकारी नोकरदारांसकट बरीच नावं निघाली आणि मग ई-केवायसी आली. शिष्यवृत्तीत असं झालं तर? हा आक्षेप गंभीर आहे आणि तो टाळून पुढे जाणं बरोबर नाही. महाराष्ट्रात शिष्यवृत्तीचे घोटाळे झालेले आहेत. त्यांच्या चौकशीसाठी राज्याला विशेष पथक नेमावं लागलं होतं. केंद्राच्या अल्पसंख्याक शिष्यवृत्तीत तर तपासलेल्या १,५७२ संस्थांपैकी ८३० संस्था बोगस निघाल्या, १४४ कोटींहून जास्त रक्कम लाटली गेली आणि २०२३च्या ऑगस्टमध्ये सीबीआयने गुन्हा नोंदवला. पण या घोटाळ्यांत चोर कोण होता तेही पाहायला हवं. अस्तित्वात नसलेल्या संस्था, नावाला दाखवलेले विद्यार्थी, त्यांच्या नावाने उघडलेली खाती, आणि हे सगळं मंजूर करणारे हात. कुठल्या खेड्यातल्या मुलीने पुसट दाखला चढवून सरकारला लुटलं, असं एकाही चौकशीत निघाल्याचं माझ्या वाचनात नाही. तरी प्रत्येक घोटाळ्यानंतर एक नवा कागद वाढतो आणि तो मागितला जातो त्या मुलीकडे. संस्था तपासायची असेल तर अचानक जाऊन वर्ग मोजा, हजेरीपट पाहा, परीक्षेला प्रत्यक्ष किती मुलं बसली ते विद्यापीठाकडून घ्या. बोगस संस्था यातून सापडतात. उत्पन्नाच्या दाखल्याचा फोटो किती केबीचा आहे, यावरून सापडत नाहीत.

शिवाय, कॅपमधून आलेला विद्यार्थी ही काही अंधारातली व्यक्ती नव्हे. त्याची परीक्षा सरकारने घेतली, जात सरकारने पडताळली, जागा सरकारने दिली. तो त्या जागेवर हजर आहे की नाही हे कॉलेज रोज पाहतं. अशा मुलाला पहिला हप्ता प्रवेशाच्याच दिवशी देऊन टाकला आणि उरलेली तपासणी वर्षभरात केली, तर सरकारचं किती बुडेल? ज्याचा प्रवेश खोटा निघेल त्याची पुढची रक्कम थांबवता येते, वसूल करता येते. खऱ्या मुलाचं गेलेलं वर्ष मात्र कुणाला परत देता येत नाही.

आता उशिराची किंमत कोण मोजतं ते पाहू. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला केंद्र आणि राज्य मिळून पैसे देतात. २०२०च्या डिसेंबरमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने या योजनेला पाच वर्षांसाठी ५९,०४८ कोटी रुपये मंजूर केले आणि ६० टक्के केंद्राचे, ४० टक्के राज्याचे असा वाटा ठरवला. केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो, राज्याने आपलं काम पूर्ण केल्यावर. हेतू चांगला होता. कॉलेजच्या खात्यात गेलेला पैसा कुठे जातो, हे घोटाळ्यांनी दाखवलेलंच होतं. पण व्यवहारात झालं असं की एकाच मुलीच्या एकाच वर्षाच्या फीचे दोन तुकडे झाले, ते दोन तिजोऱ्यांतून दोन वेगळ्या वेळी येऊ लागले, आणि त्यातली फी कॉलेजला नेऊन भरायची जबाबदारी तिच्यावर आली. ज्या घरात वर्षभर पन्नास हजार रुपये एका जागी कुणी पाहिलेले नसतात, तिथे अचानक फेब्रुवारीत ते खात्यात येतात. त्याच आठवड्यात आजी दवाखान्यात असते किंवा सावकार दारात असतो. पैसे खर्च होतात. मग कॉलेजच्या यादीत त्या मुलीच्या नावापुढे थकबाकी लागते. प्रवेशाच्या वेळीच हे पैसे आले असते तर आल्या दिवशी भरून मोकळी झाली असती.

कॉलेजांचीही एक बाजू आहे. विनाअनुदानित संस्थेचे पगार त्या फीवरच होतात. शिष्यवृत्तीपात्र मुलांकडून प्रवेशाच्या वेळी फी घेऊ नये, असे आदेश सरकार काढतं. पण ती फी सरकार स्वतः कधी देणार, हे त्या आदेशात लिहिलेलं नसतं. म्हणून संस्था आपला मार्ग काढतात. कुणी फीच्या नावाने नाही तर अनामत म्हणून पैसे घेतं, कुणी कोरा चेक घेतं, कुणी हॉलतिकीट अडवतं, कुणी शाळा सोडल्याचा मूळ दाखला कपाटात ठेवून घेतं. मूळ कागदपत्रं संस्थेने अडवून ठेवू नयेत, असं यूजीसीने २०१८मध्येच बजावलेलं आहे. तो नियम दाखवणारी मुलगी मी आजवर पाहिलेली नाही, कारण नियम दाखवल्यावर पुढची तीन वर्षं त्याच कॉलेजात काढायची असतात. संस्थेचं वागणं चूकच आहे, त्याला माझ्याकडे सबब नाही. पण सरकारचा उशीर संस्थेवर येतो, संस्था तो मुलीवर ढकलते, आणि मुलीच्या खाली ढकलायला कुणी नसतं.

रकमेबद्दलही दोन शब्द बोलले पाहिजेत. याच मॅट्रिकोत्तर योजनेत घरून ये-जा करणाऱ्या बी.ए.-बी.कॉम.च्या मुलाला निर्वाहासाठी वर्षाला मिळतात ३,००० रुपये. महिन्याला अडीचशे. तालुक्याच्या गावाला येणाऱ्या मुलाचा एसटीचा सवलतीचा पास आणि दोन वेळचा चहा यात ते संपतात. वसतिगृहात राहून इंजिनीअरिंग-मेडिकल करणाऱ्याला वर्षाला १३,५००. अडीच लाखांची उत्पन्नमर्यादा दहा वर्षांहून जास्त काळ हलली नाही. महिन्याला ती वीस हजार आठशे होते. एवढ्यात घरातला एकजण कंत्राटी सफाई कामगार आणि दुसरी घरकाम करणारी असली की घर मर्यादेबाहेर. महाराष्ट्रात अशा अनुसूचित जातीच्या मुलांना फ्रीशिप या फीमाफीच्या योजनेतून फी तरी मिळते, हे आपल्या राज्याचं श्रेय आहे. निर्वाहभत्ता मात्र जातो. त्याच वेळी आर्थिक मागासांसाठीच्या राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीची मर्यादा आठ लाख आहे. आठ लाख चूक आहे असं माझं म्हणणं नाही. अडीच लाख चूक आहे.

स्वाधार योजना, आदिवासी मुलांसाठीची स्वयं योजना, या खरं तर फार मोलाच्या. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या मुलाला शहरात खोली करून राहता यावं म्हणून पैसे, ही कल्पनाच किती समजूतदार आहे. स्वाधारमध्ये पुण्या-मुंबईत वर्षाला ६० हजार रुपयांपर्यंत मिळतात. पण पुण्यात खोलीवाला डिपॉझिट जुलैत मागतो, मेसवाला महिन्याचे पैसे आगाऊ मागतो. हजेरी तपासून, कागद पाहून, निधी आल्यावर पैसे देणारी योजना जुलैत कामाला येत नाही. तोवर मुलगा रात्री कुरिअरच्या गोदामात काम करतो आणि सकाळी वर्गात झोपतो. मग त्याची हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली जाते. आणि हजेरी कमी म्हणून हप्ता अडतो.

मुलींना व्यावसायिक शिक्षणात शंभर टक्के शुल्कमाफी देण्याचा निर्णय राज्याने ८ जुलै २०२४ला काढला. इतर मागास, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतल्या, आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या घरातल्या मुली त्यात येतात. निर्णय चांगलाच आहे, आणि तो माझ्या विद्यार्थिनींच्या घरी पेढे घेऊन गेला हे मी स्वतः पाहिलं. पण माफी आहे शिक्षण शुल्काची आणि परीक्षा शुल्काची. कॉलेजच्या पावतीवर त्यापलीकडेही रकाने असतात, आणि माफ झालेली फी सरकारकडून येईपर्यंतचा काळ पुन्हा संस्था आणि मुलगी यांच्यातच निभावायचा असतो.

आपल्या राज्याला हे सगळं नवीन नाही, म्हणून जास्त वाईट वाटतं. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली १९४४मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना. खुद्द बाबासाहेब १९१३मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीराव गायकवाडांच्या बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. आधी करार झाला, रक्कम ठरली, मग ते बोटीत बसले. आधी न्यूयॉर्कला जा, स्वतःच्या पैशाने राहा, पावत्या आण, मग पाहू, असं कुणी म्हटलं असतं तर साताऱ्या-मुंबईच्या त्या घरातून कुणीही न्यूयॉर्कला पोहोचलं नसतं. राजर्षी शाहूंनी कोल्हापुरात वसतिगृहं काढली ती मुलं शाळेत यावीत म्हणून, आधी. यशवंतराव चव्हाणांच्या काळात ईबीसीची, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागास मुलांसाठीची, सवलत आली तेव्हा फी कॉलेजच्या खिडकीवरच माफ व्हायची; आमच्या आधीच्या पिढीतली कितीतरी माणसं त्यावर डॉक्टर-मास्तर झाली. आधी पैसा, मग शिक्षण, हा क्रम या राज्यात होताच. पडताळणी करता करता आपण तो उलटा करून ठेवला.

हे फक्त आपल्याकडेच बिघडतं असंही नाही. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी घरांना फाफ्सा नावाचा अर्ज चांगला माहीत असतो. कॉलेजसाठी सरकारी मदत हवी तर तो भरावाच लागतो. २०२४-२५ साठी तिथे तो अर्ज आटोपशीर केला आणि पालकांच्या उत्पन्नाची माहिती त्यांच्या संमतीने थेट करखात्याकडून उचलायची सोय केली. पण एरवी १ ऑक्टोबरला खुला होणारा अर्ज डिसेंबरच्या अखेरीस आला, तोही अडखळत, आणि मुलांना कुठल्या कॉलेजात किती मदत मिळणार हे महिनोन्‌महिने कळेना. त्यावर तिथे काय झालं ते आपण पाहण्यासारखं आहे. दरवर्षी १ ऑक्टोबरच्या आत अर्ज खुला झालाच पाहिजे, असा कायदा २०२४च्या डिसेंबरमध्ये झाला. तारीख सरकारवर बांधली गेली.

आपल्याकडेही बांधता येईल, आणि त्यासाठी नवा शोध लावायला नको. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५पासून आहे. त्याखाली अधिसूचित केलेली सेवा ठरलेल्या मुदतीत मिळाली नाही तर अपील करता येतं आणि जबाबदार अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड होऊ शकतो. शिष्यवृत्तीचा पैसा खात्यात पडेपर्यंतचा प्रत्येक टप्पा अशाच मुदतीत बांधला पाहिजे. क्लार्क लॉगिनला इतके दिवस, जिल्हा कार्यालयाला इतके दिवस, कोषागाराला इतके दिवस. आणि मुदत संपली तर अर्ज आपोआप पुढे सरकला पाहिजे, मागे नाही. त्रुटी असतील तर सगळ्या एकाच वेळी कळवाव्यात, एकदाच. कॅपमध्ये तपासलेला कागद पुन्हा मागू नये. रेशनकार्डावर उत्पन्न मान्य करावं. आणि या सगळ्याआधी, कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात माणसं द्यावीत. आमच्याकडे एकच क्लार्क प्रवेश, परीक्षा, शिष्यवृत्ती आणि निवडणुकीची कामं सांभाळतो. त्याच्यावर चिडणाऱ्या मुलांना मी सांगते की तो रात्री घरी जाऊनही लॉगिन करतो, कारण दिवसा सर्व्हर चालत नाही.

पैसे कुठून आणायचे, हा शेवटचा प्रश्न असतो. पण हे पैसे सरकार शेवटी देतंच. फरक पडतो तो तारखेत. तारीख पुढे का ढकलली जाते, हे २०२५च्या मे महिन्यात सगळ्यांना दिसलं. आपल्या खात्याचा शेकडो कोटींचा निधी लाडकी बहीण योजनेकडे वळवला गेल्याची तक्रार तेव्हा सामाजिक न्यायमंत्री संजय शिरसाट यांनीच जाहीरपणे केली होती. ज्या खात्यातून शिष्यवृत्ती जाते त्या खात्याचा मंत्रीच निधीसाठी तक्रार करत असेल, तर खालचं पोर्टल कितीही चांगलं केलं तरी अर्ज पेंडिंगच राहणार. म्हणून शिष्यवृत्तीची तरतूद दुसरीकडे वळवता येणार नाही अशी वेगळी ठेवली पाहिजे, आणि तिचा पहिला हप्ता जूनच्या आत जिल्ह्यांकडे पोहोचला पाहिजे. पुढचं अधिवेशन भरेल तेव्हा आपापल्या आमदाराकडून एवढा प्रश्न विचारून घेऊ या: आपल्या जिल्ह्यात मागच्या वर्षीचे किती अर्ज आज पैशाविना आहेत, कोणत्या लॉगिनला थांबले आहेत, आणि तिथे किती दिवसांपासून आहेत. उत्तर लेखी घ्यावं आणि गावच्या कॉलेजच्या फलकावर लावावं.